कापसाच्या मुलखातून बर्फाकडे

अकोल्यात बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवतात तो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा त्या गोणपाटाकडे आम्ही देवाच्या मूर्तीकडे बघावं तसं बघतो. अशा गावातून मी स्कीइंग शिकायला गुलमर्गला जाणार म्हटल्यावर मामांनी विचारलं, "घसरायले इतक्या दूर काहून जातं बापा? न्हाणीत घसरत नाही का माणूस?"

मामांचा प्रश्न हसण्यावारी गेला, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता आणि तो खरा होता. न्हाणीत घसरायला काही न्यावं लागत नाही. बर्फावर घसरायला माणसाच्या उंचीच्या दोन पट्ट्या, दगडासारखे जड बूट, दोन काठ्या, हेल्मेट, गॉगल आणि जाड कपडे लागतात. हे सगळं घेऊन डोंगरावर पोचायचं, तिथे राहायचं आणि परत यायचं. म्हणजे हा खेळ सुरू होण्याआधीच त्यातला निम्मा खेळ संपलेला असतो: प्रवासाचा आणि सामानाचा. हा निम्मा खेळ कुणी जुळवून आणला, ते शोधत गेले तेव्हा लक्षात आलं की त्या इतिहासाचे धागे भारतातून जातात. आणि एक धागा थेट अमरावतीशी येऊन थांबतो.

पाद्र्याची ट्रॅव्हल एजन्सी

स्की मुळात खेळाचं साहित्य नव्हतंच. नॉर्वे-स्वीडनकडे हिवाळ्यात शेजारच्या गावी जायचं तर पायाला लाकडाच्या फळ्या बांधाव्या लागत. 'स्की' हा शब्दही फोडलेल्या लाकडासाठीच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आलेला. आपल्याकडे बैलगाडी होती, तशी त्यांच्याकडे स्की. १८८८ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड आडवं पार केलं आणि सगळ्या युरोपचं या फळ्यांकडे लक्ष गेलं. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये दावोसला राहत होता. त्याने नॉर्वेहून स्की मागवल्या आणि १८९४ मध्ये दोन स्थानिक भावांबरोबर डोंगर ओलांडून आरोसा गाव गाठलं. स्की हवी तर दुसऱ्या देशातून मागवायची, अशी तेव्हाची परिस्थिती.

ही परिस्थिती बदलण्यात एका धर्मप्रचारकाचा मोठा वाटा आहे. हेन्री लन हा मेथडिस्ट पंथाचा डॉक्टर-मिशनरी. तो भारतात आला, पण इथे फार काळ टिकला नाही. त्याच मुक्कामात १८८८ मध्ये मद्रासला त्याचा मुलगा आर्नोल्ड जन्मला. इंग्लंडला परतल्यावर लनने वेगवेगळ्या चर्चपंथांच्या लोकांना चर्चेसाठी एकत्र आणायचं ठरवलं आणि १८९२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला परिषद भरवली. एवढ्या लोकांची तिकिटं काढायची, हॉटेलं ठरवायची, खाण्यापिण्याचं बघायचं. परिषदेतून धर्मैक्य किती झालं हा वेगळा विषय, पण लनला आपण प्रवास उत्तम जुळवू शकतो हे कळलं. पुढे तोच त्याचा धंदा झाला.

त्याची हुशारी अशी की त्याने रिकामा हंगाम हेरला. आल्प्समधली बरीच हॉटेलं उन्हाळ्यात भरायची आणि हिवाळ्यात कुलूप लावून बसायची. लन अख्खं हॉटेल हिवाळ्यासाठी ठरवून घेई आणि इंग्रज पाहुण्यांनी भरून टाकी. म्यूरेन गावाकडे जाणारी छोटी रेल्वे हिवाळ्यात बंद असे. ती १९१० च्या सुमारास हिवाळ्यातही सुरू ठेवायला त्याने लावली. आज आपण मोबाइलवर 'पॅकेज' नावाचं जे बटण दाबतो, त्यातला एकेक भाग असा कुणीतरी हाताने जोडलेला आहे.

मद्रासेत जन्मलेला तो मुलगा, आर्नोल्ड लन, याने पुढे १९२२ मध्ये म्यूरेनलाच आधुनिक स्लालमची पहिली शर्यत भरवली. रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत खाली यायचं, ती ही शर्यत. १९२४ मध्ये तिथे स्की क्लब निघाला, त्याचं नाव 'कंदाहार'. बर्फाळ आल्प्समध्ये अफगाणिस्तानचं शहर कुठून आलं? तर लॉर्ड रॉबर्ट्सच्या नावाने १९११ मध्ये एक करंडक सुरू झाला होता. कानपूरला जन्मलेल्या या सेनापतीने १८८० मध्ये कंदाहारची लढाई जिंकली आणि सरदारकीच्या किताबात ते गाव मिरवलं. मद्रास, कानपूर, कंदाहार. आल्प्समधल्या खेळाच्या जन्मकुंडलीत ही तीन गावं बघून मी जरा दचकलेच होते.

पंजाब मेल आणि फळ्या

भारतात हा खेळ रुजला तो गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांमुळे. १९२७ मध्ये मेजर हॅडो आणि मेजर मेथेरेल या दोघांच्या पुढाकाराने गुलमर्गला 'स्की क्लब ऑफ इंडिया' निघाला. नाताळ आणि ईस्टर हे क्लबचे मुख्य हंगाम, कारण रजा तेव्हाच मिळायची.

त्या काळी वऱ्हाडातून गुलमर्गला जायचा रस्ता नकाशावर काढून बघा. अकोला-बडनेरा हा रेल्वेमार्ग ब्रिटिशांनी टाकला तो मुख्यतः कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरला कापसाची टंचाई भासली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. या रुळांवरून अकोल्याहून भुसावळला जायचं. तिथे १९१२ पासून मुंबई-पेशावर धावणारी पंजाब मेल पकडायची. इटारसी, झांशी, आग्रा, दिल्ली, लाहोर करत रावळपिंडीला उतरायचं. तिथून मोटारीने झेलमच्या खोऱ्यातून बारामुल्ला. मग टंगमर्ग आणि शेवटचा चढ घोड्यावर किंवा पायी. फळ्या हमालाच्या पाठीवर.

कागदावर हा रस्ता सरळ होता. अडचण रस्त्याची नव्हती, रजेची आणि पाठीची होती. महिना-पंधरा दिवसांची रजा, सामान वाहायला नोकर आणि मुक्कामाला क्लबची खोली हे ज्याच्याकडे, त्याचाच हा खेळ.

१९४७ मध्ये हा रस्ताच तुटला. रावळपिंडी दुसऱ्या देशात गेली. पंजाब मेल आता फिरोजपूरला थांबते. काश्मीरला जायचं तर जम्मूवरून, बनिहालची खिंड चढून. १९५६ मध्ये जवाहर बोगदा झाला तेव्हा कुठे हिवाळ्यात हा रस्ता थोडा भरवशाचा झाला. दरम्यान डिसेंबर १९४८ मध्ये सैन्याने गुलमर्गला स्वतःची स्की शाळा काढली. तिचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. म्हणजे स्वतंत्र भारतात स्की पुन्हा तिच्या मूळ कामाला लागली: बर्फातून माणूस पलीकडे पोचवायच्या.

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचं नाव १९६४ मध्ये इन्सब्रुकला पहिल्यांदा लागलं, ते जेरेमी बुजाकोव्स्की या पोलिश वंशाच्या स्कीपटूमुळे. गुलमर्गच्याच आरिफ खानने २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा झेंडा नेला. या दोघांमध्ये ५८ वर्षं गेली. त्या मधल्या काळात, १९९८ मध्ये, गुलमर्गचा गोंडोला सुरू झाला आणि २००५ मध्ये त्याचा दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत पोचला. फळ्या पाठीवर घेऊन चढायची गरज संपली.

अमरावतीचं उलटं गणित

आता अमरावती. १९१४ मध्ये इथे अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला, तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजला. १९३६ हे वर्ष लक्षात ठेवा. फेब्रुवारीत जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्खनला हिवाळी ऑलिम्पिक झालं. आर्नोल्ड लनने ज्या खेळासाठी आयुष्य वेचलं, तो अल्पाइन स्कीइंगचा प्रकार तिथे पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याच देशात बर्लिनला उन्हाळी ऑलिम्पिक भरलं. त्या वेळी अमरावतीच्या मंडळाचं पथक तिथे गेलं आणि त्याने कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं परदेशी प्रेक्षकांपुढे केली.

वऱ्हाडातून बर्लिन. विमानाचा प्रश्नच नव्हता. रेल्वे, बोट आणि पुन्हा रेल्वे. कबड्डीला लागतं काय? एक मोकळी जागा, आखलेली रेघ आणि छातीतला दम. मल्लखांब मात्र अडीच मीटरच्या आसपासचा लाकडी खांब. म्हटलं तर स्कीपेक्षाही अवघड सामान. पण आपल्या परंपरेत त्याचेही प्रकार आहेत: पुरलेला, टांगता आणि दोरीचा. दोरीचा मल्लखांब गुंडाळला की वळकटीत बसतो. मला यात मोठं शहाणपण दिसतं. ज्या समाजाकडे नोकर नाहीत, लांब रजा नाही, त्याचे खेळ हलके असतात. ते माणसाच्या अंगातूनच प्रवास करतात.

म्हणून १९३६ मध्ये जर्मनीत दोन्ही जगं वेगवेगळ्या मोसमात येऊन गेली. एक खेळ हॉटेल, रेल्वे, क्लब आणि करंडक यांच्या आधाराने तिथवर आला. दुसरा अमरावतीच्या तालमीतून आला. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. लन असो की वैद्य बंधू, कुणीतरी बसून यादी केली, पैसे जमवले, तिकिटं काढली. खेळाडूंची नावं इतिहासात राहतात. यादी करणारा बहुतेक वेळा राहत नाही, पण त्याच्याशिवाय कुणी पोचत नाही.

आजची यादी

तर आजच्या वऱ्हाडी मुलीने यादी कशी करायची?

पहिली गोष्ट, स्की विकत घेऊन न्यायच्या भानगडीत पडू नका. १६०-१७० सेंटिमीटरची जोडी रेल्वेच्या डब्यात बसत नाही. प्रवाशाला डब्यात १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंतची पेटी नेता येते, आणि थ्री-टायर एसीत त्याहून लहान. मोठं सामान ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावं लागतं. विमानाचं बघाल तर देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो मिळतात. बाइंडिंगसकट स्की सहा-सात किलो, बूट तीन-चार किलो. उरलेल्या चार-पाच किलोंत दोन आठवड्यांचे कपडे बसवून दाखवा. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, पण ते छोटं एटीआर विमान. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेने जाता येतं. ही खरी मोठी सोय.

दुसरी गोष्ट, गुलमर्गला स्की आणि बूट भाड्याने मिळतात. भाड्याने घेताना आपलं वजन खरं सांगा. बाइंडिंग किती ताणावर सुटावं हे वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि आपलं कसब यांवर ठरतं. लाजून पाच किलो कमी सांगितले तर बूट भलत्या वेळी सुटेल. जास्त सांगितले तर पडताना सुटणारच नाही आणि गुडघा जाईल. पुढेमागे काही विकत घ्यायचंच झालं तर आधी बूट घ्या. फळी कुणाचीही चालते, बूट आपल्या पायाचाच लागतो.

तिसरी गोष्ट आम्हा वऱ्हाड्यांना जरा लागणारी आहे. बर्फात कापूस घालायचा नाही. सुती बनियन घामाने भिजतं, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर वारा अडवणारं. ज्या पिकाने आपल्याकडे रेल्वे आणली, ते सामानातून पहिल्यांदा बाहेर काढायचं.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्यासारख्या हौशी लोकांपेक्षा आपल्याकडची स्केटिंग करणारी पोरं आहेत. २०२० पासून लेह-गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होतात आणि चाकांवर शिकलेली महाराष्ट्राची मुलं तिथे बर्फावर उतरतात. तोल, वळण, धाडस हे सगळं डांबरी रस्त्यावर शिकता येतं. शिकता येत नाही तो प्रवास. तो कुणीतरी जुळवून द्यावा लागतो. एका घराला एकट्याने तो झेपत नाही.

म्हणून मला वाटतं, वऱ्हाडात बर्फ नाही ही आपली अडचणच नाही. इंग्लंडमध्ये तरी आल्प्स कुठे होते? तिथे एक लन होता. आणि आपल्याकडे, बोटीच्या जमान्यात पोरांना बर्लिनला नेणारी माणसं होऊन गेलेली आहेत. एखाद्या तालमीच्या कपाटात वेगवेगळ्या मापांचे बुटांचे दहा जोड, दहा गॉगल आणि लोकरीच्या हातमोज्यांची एक पेटी ठेवली, दर जानेवारीला दहा तिकिटं एकत्र काढली, तरी सुरुवात होते. आखाडा काढायलाही १९१४ मध्ये याहून फार जास्त काही लागलं नसणार.