परदेशची परिषद आणि मागे राहिलेल्या माणसांचे काम

वर्धापनदिन जवळ आला की स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह असतो. पाककृती आणि विणकामाचे नमुने देणाऱ्या भगिनी आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून यंदा मी थोडा इतिहास लिहावयाचे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दुपारची झाकपाक झाली की वाचण्याची सवय आहे. थोरांची चरित्रे वाचताना जे मनात साठले, ते आपल्यापुढे मांडते.

निमित्तही तसेच आहे. मंडळाच्या शिलकीतून दोघीजणींना बाहेरगावच्या मोठ्या संमेलनास पाठवावे, असे काहींचे मत आहे. तर त्या पैशात शिलाईयंत्र घ्यावे, ते सर्वांच्या उपयोगी पडेल, असे इतर म्हणतात. एक जाऊन येते, पण बाकीच्यांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न आपल्या आधीच्या पिढ्यांपुढेही होता.

हल्ली शिक्षणात ‘अनुभवातून शिक्षण’ असा शब्द ऐकू येतो. गोष्ट आपल्याला नवी नाही. भाकरी थापावयास कोणी पुस्तकातून शिकले नाही. आपल्या शहरातील हिमरूचा कारागीरही मागाजवळ बसूनच तयार झाला. अमेरिकेतील जॉन ड्युई, इटलीच्या मारिया मॉंटेसरी अशा विचारवंतांनी हेच तत्त्व शाळेत आणले. अशा नव्या विचाराच्या शिक्षकांनी १९२१ मध्ये फ्रान्समधील कॅले येथे ‘न्यू एज्युकेशन फेलोशिप’ ही संस्था स्थापन केली. ऑगस्ट १९२९ मध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर या गावी तिची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मॉंटेसरीबाई तेथे होत्या आणि त्यांच्या पद्धतीची जागतिक संस्थाही तेथेच जन्मास आली. त्याच परिषदेस आपल्या पुण्याजवळच्या हिंगण्याचे महर्षी धोंडो केशव कर्वे हजर होते. त्या वेळी त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती!

पण कर्वे तेथे पोहोचले त्यामागे तीस वर्षांहून अधिक काळाची तपश्चर्या होती. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. एकट्या माणसाच्या बळावर संस्था चालत नाही हे जाणून १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ स्थापिला. संस्थेच्या कामाला तनमनधन वाहण्याची शपथ घेणाऱ्या सेवकसेविकांचा तो संघ होता. पुढे १९१५ मध्ये जपानातील टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली. त्याच डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही झाले. पहिल्या विद्यार्थिनी अवघ्या पाच! शिक्षण मातृभाषेतून, हे त्याचे वैशिष्ट्य. आपला भाग तेव्हा निजामी राज्यात होता आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, हे लक्षात घेतले म्हणजे मराठी मुलीला आपल्या भाषेत उच्च शिक्षण मिळणे ही केवढी गोष्ट होती ते कळते.

या संघातील पार्वतीबाई आठवले यांची हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. त्या कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी. तरुणपणी वैधव्य आले. पुढे त्या आश्रमात आल्या आणि गावोगावी फिरून, भाषणे करून आश्रमासाठी निधी जमवू लागल्या. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या अमेरिकेस निघाल्या. इंग्रजी अगदी बेताचे. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसाही मिळविला. १९२० मध्ये त्या परत आल्या. ‘माझी कहाणी’ या नावाने त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. ‘आम्हाला कुठे इंग्रजी येते’ असे म्हणून मागे सरणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. संस्थेने त्यांची पदवी पाहिली नाही, त्यांचे काम पाहिले.

आता कर्व्यांच्या प्रवासाकडे वळू. मार्च १९२९ मध्ये ते निघाले. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस गेले. २५ जुलै ते ४ ऑगस्ट जिनिव्हा येथील शिक्षण परिषदेत ‘भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा प्रयोग’ या विषयावर बोलले. ८ ते २१ ऑगस्ट एल्सिनोर. मग अमेरिका आणि जपान. एप्रिल १९३० मध्ये ते स्वदेशी परतले. ज्या महिला विद्यापीठाची नुसती पुस्तिका वाचून इकडे एवढा व्याप मांडला, ते टोकियोचे विद्यापीठ त्यांनी या प्रवासात डोळ्यांनी पाहिले.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ते रिकाम्या हातांनी गेले नाहीत. ऐकण्याबरोबर सांगण्यासारखे आपले काम त्यांच्यापाशी होते. दुसरी अशी की सुमारे तेरा महिने संस्थापक परदेशी असताना हिंगण्याची चूल विझली नाही, वर्गही बंद पडले नाहीत. जो गेला त्याने जग पाहिले आणि जे मागे राहिले त्यांनी संस्था चालविली. माझ्या मते या दुसऱ्या शिक्षणाचे मोल पहिल्याइतकेच आहे. म्हणून तर डिसेंबर १९३० मध्ये कर्वे पुन्हा निघाले आणि निधीसाठी सुमारे पंधरा महिने आफ्रिकेत हिंडू शकले.

दुरून आलेली विद्या जशीच्या तशी मात्र रुजत नाही. मॉंटेसरी पद्धतीचेच पाहा. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मॉंटेसरीची साधने महागडी, ती खेड्यात कोण घेणार? ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी काम सुरू केले, तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, फुले हीच साधने झाली. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात अनुताई वाघ यांची त्यांच्याशी गाठ पडली. त्या बोर्डीस आल्या आणि १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत याच कामात राहिल्या. एका शिबिराने जन्माची जोडी जुळविली! पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच आदिवासी पाड्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. आज आपल्या गल्लीत पोर अंगणवाडीत गाणी म्हणते, त्यामागे ही एवढी मोठी वाट आहे.

तेव्हा भगिनींनो, माझे मत संमेलनास पाठविण्याच्या बाजूने आहे. शिलाईयंत्र पुढच्या वर्षी घेता येईल. मात्र चार गोष्टी पाळाव्यात. छान बोलणारीपेक्षा काम करणारीला आधी पाठवावे, मग ती चौथी शिकलेली का असेना. जाताना तिने आपल्या मंडळाच्या कामाची माहिती व नमुने बरोबर न्यावेत. ती नसताना तिच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचा डबा आणि मुलांची शाळा आपण वाटून घ्यावी. कारण बाईचे पाऊल अडते ते बहुधा तिकिटासाठी नव्हे, तर स्वयंपाकघरापाशी. आणि परत आल्यावर तिने भाषण न करता, जे शिकली ते महिनाभरात आपल्या सर्वांकडून करून घ्यावे.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव यावा, अशी चिटणीसबाईंना विनंती करून आपली रजा घेते.