त्वचारोगांची नावे : मांडूपासून मराठीपर्यंत



मांडूला गेलेला प्रवासी जहाजमहाल पाहतो, रूपमतीच्या मंडपातून नर्मदेची रेघ शोधतो आणि परततो. त्याच गडावर पंधराव्या शतकात रोग्यांची आणि शब्दांचीही काळजी वाहिली गेली, याकडे मला आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. मी वैद्य नव्हे, भाषेचा अध्यापक. तथापि रोगाचे नाव हा भाषेचाही विषय आहे.

महमूद खल्जीने (१४३६–१४६९) मांडूत १४४५ च्या सुमारास रुग्णालय स्थापिले. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १४६८ च्या सुमारास, मुहम्मद बिन दाऊद शादियाबादी याने ‘मिफ्ताह-उल-फुजला’ हा फारसी शब्दकोश रचला. शादियाबाद, म्हणजे आनंदनगरी, हे मांडूचेच नाव. या कोशात दुर्मिळ शब्दांचे अर्थ आहेत, ठिकठिकाणी हिंदवी प्रतिशब्द आहेत. आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील प्रतीत वस्तू कळावी म्हणून शंभरावर चित्रे आहेत. घियासशाहाच्या दरबारात सिद्ध झालेल्या ‘निमतनामा’त पाककृतींबरोबर औषधे आणि सुगंधी द्रव्ये येतात, तीही फारसीत हिंदवी शब्द मोकळेपणाने मिसळून. पंडिताचा शब्द लोकांच्या शब्दाशी जोडल्यावाचून विद्या चालत नाही, हे मांडूने ओळखले होते.

मराठीने हा सांधा आपल्या परीने जुळविला. संस्कृत वैद्यकातील ‘व्यंग’ आपल्याकडे वांग झाले, ‘चर्मकील’ चामखीळ झाली, ‘खर्जू’ची खरूज झाली. काही ठिकाणी लोकांनी स्वतंत्र शब्द घडविले : केस गळून टक्कलाचा गोल डाग पडला की चाई, नखाच्या कडेला पू झाला की नखुरडे, केसाच्या मुळाशी फोड आला की केसतूड. हे शब्द नेमके आहेत. रोग कोठे आणि कसा, ते नावातच सांगतात.

परंतु नाव घातही करते. कमरेभोवती उठणाऱ्या पुरळाला आपण नागीण म्हटले, आणि नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो अशी समजूत रुजली. वस्तुतः तो कांजिण्यांच्याच विषाणूचा पुन्हा झालेला उद्रेक; मज्जातंतूच्या मार्गाने उठतो, म्हणून बहुधा शरीराच्या एकाच बाजूस राहतो.

याहून मोठा घात ‘कुष्ठ’ शब्दाने केला. चरकाने अठरा कुष्ठे सांगितली. त्यांत गजकर्णासारखे साधे विकारही येतात. श्वित्र, म्हणजे कोड, मात्र त्याने त्या अठरांत धरले नाही. पुढे ‘कुष्ठ’ हा शब्द महारोगापुरता आकुंचित झाला, तरी कोडाला ‘पांढरे कुष्ठ’ म्हणणे चालूच राहिले. कोड संसर्गजन्य नाही. पण त्या एका नावापायी किती मुलींची लग्ने मोडली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. महारोगही आज औषधाने बरा होतो. असे असूनही तो घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होता; ते कलम २०१९ साली वगळले गेले. कायदा बदलला; बोलणे बदलावयाचे आहे.

शादियाबादीच्या कोशाच्या त्या प्रतीत कठीण शब्दाशेजारी चित्र काढले गेले, ते वाचणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. आपल्या हाती कुंचला नसेल. पण शेजारच्या मुलीच्या अंगावरील पांढऱ्या डागाला योग्य नावाने संबोधणे तरी आपल्या हाती आहे. भाषेच्या शिक्षणाचा याहून निकडीचा उपयोग मला ठाऊक नाही.