चुलीचा न मांडलेला हिशेब

घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, भाडे यांची नोंद असते. पण धुराने चुरचुरणाऱ्या डोळ्यांची नोंद कोणी ठेवली आहे काय? आपल्या जळणाच्या इतिहासात ही न मांडलेली रक्कमच सर्वांत मोठी आहे.

खेड्यात काटक्या, सरपण, गोवऱ्या 'फुकट' मिळत. फुकट अशासाठी, की रानात वणवण करणारी आणि शेण थापणारी बाई मजुरी मागत नसे. शहरात लाकूड-कोळसा वखारीतून विकत आणावा लागे. धूर मात्र दोन्हीकडे सारखाच.

१८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी काजळी न धरणारा प्रायमस बनविला. पुढे तोच 'स्टो' आपल्या घरांत आला. धूर कमी झाला. पण पिन मारणे, भडक्याची धास्ती आणि घासलेटाची रांग वाट्याला आली. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तक लिहिले. १९८० नंतर सरकारनेही सुधारित चुली वाटल्या. परंतु धुराडे साफ कोण करणार आणि तडे कोण बुजवणार, याचा विचार न झाल्याने पुष्कळ चुली अडगळीत गेल्या.

मुंबईत १९५५ साली घरगुती गॅस आला. मात्र नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत महिला बचत गटांच्या मेळाव्यात आठ कोटींचा टप्पा पुरा झाला.

तरीही अनेक घरांत टाकीशेजारी चूल पेटतेच. कारण साधे आहे. घासलेट बाटलीभर घेता येई, सरपण रोजचे रोज वेचता येते, १४.२ किलोच्या टाकीचे पैसे मात्र एकरकमी मोजावे लागतात. हातावर पोट असलेल्या घरात ती रक्कम एकदम निघत नाही, आणि पैशाची थैली बाईच्या हाती नसली की 'चूल आहे ना!' एवढ्यावर विषय मिटतो.

म्हणून सुचवावेसे वाटते, की भिशीत दर आठवड्याला थोडे पैसे टाकीसाठी वेगळे काढावेत, आणि वहीत एक नवे पान घालावे : सरपणाला गेलेले तास. ते पान भरले, म्हणजे महाग काय आणि स्वस्त काय, हे घरातल्या सर्वांनाच कळेल.