वाघोबा राहिला, चितारी हरवला

मुलांच्या चित्रसाप्ताहिकाचे आयुष्य ते किती? या हातातून त्या हातात जाते, फाटते आणि शेवटी रद्दीत पडते. त्यातली पात्रे मूल जन्मभर विसरत नाही; ती काढणाऱ्याचे नाव मात्र त्याला कधी कळलेलेच नसते. इंग्लंडच्या ज्युलियस स्टॅफर्ड बेकर (१८६९-१९६१) या चित्रकाराची कथा अशीच आहे.

आल्फ्रेड हार्म्सवर्थने १८९० मध्ये लंडनमधून 'कॉमिक कट्स' आणि 'इलस्ट्रेटेड चिप्स' ही अर्ध्या पेनीची साप्ताहिके काढली. 'चिप्स'मध्ये १९०२ पासून बेकरचे 'केसी कोर्ट' येऊ लागले. एकाच मोठ्या चौकटीत गरीब गल्लीतली पोरे दाटीवाटीने जमत. बिली बॅग्ज हा त्यांचा म्होरक्या. मोडक्यातोडक्या सामानातून मोठ्या माणसांचे उद्योग थाटायचे, हा त्यांचा खेळ.

पुढे १९०४ मध्ये 'डेली मिरर'मध्ये बेकरने मिसेस हिप्पो या पाणघोडीबाईंची बालवाडी भरवली. तिच्यात एक खोडकर विद्यार्थी होता, टायगर टिम! ब्रिटिश दैनिकातल्या अगदी आरंभीच्या चित्रमालिकांत तिची गणना होते. १९१४ मध्ये 'रेनबो' हे रंगीत साप्ताहिक निघाले, तेव्हा हाच वाघोबा सवंगड्यांसह पहिल्या पानावर आला.

पण त्याच वर्षी टिम हर्बर्ट फॉक्सवेल या दुसऱ्या चित्रकाराच्या हाती गेला. छोट्या वाचकांना त्याचा पत्ता लागणार कसा? चित्राखाली सहीच नसे. पात्र प्रकाशकाच्या मालकीचे. चितारी बदलला तरी वाघ तोच. 'रेनबो' १९५६ पर्यंत चालले. बेकर त्यानंतरही पाच वर्षे जगला.

हे विस्मरण दूर करायला एक वेडा संग्राहक यावा लागला. डेनिस गिफर्ड (१९२७-२०००) स्वतः चित्रकार होता. इतरांनी रद्दीत टाकलेले अंक त्याने आयुष्यभर जमवले आणि रेषेच्या वळणावरून निनावी चित्रांचे धनी ओळखले. १९७५ मध्ये त्याने ब्रिटिश कॉमिक्सची शंभर वर्षांची सूचीच प्रसिद्ध केली. बेकरसारख्यांची नावे आज घेता येतात, त्यामागे ही खटपट आहे.

सही नाकारता येते, रेषा नाही. पण ती ओळखायला कोणीतरी जुना अंक जपून ठेवलेला असावा लागतो. यंदा माळा झाडताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.