हुंड्यातला किल्ला

किल्ला म्हटले की मराठी माणसाला आधी कडा आठवतो. सोलापूरच्या किल्ल्याला कडा नाही, चढण नाही. भर शहरात, सपाट जमिनीवर दुहेरी तट घालून तो उभा आहे: बहमनी काळातला भुईकोट.

डोंगर नसेल तिथे राखण पाण्याने करायची, ही रीत दूरवरही दिसते. वेल्समध्ये १२६८ साली बांधायला घेतलेल्या केर्फिली किल्ल्याभोवती मुद्दाम तळी तयार केली. सोलापुरात तळे आधीपासूनच होते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचे ते काम. पुढे किल्ला बांधणाऱ्यांनी एक बाजू या तळ्याच्या भरवशावर सोडली आणि बाकीकडे खंदक खणला. संताची पुण्याई अशी सुलतानांच्या कामी आली! तटाजवळ गेले की मधूनच एखाद्या दगडावर नक्षी दिसते. हे जुन्या देवळांचे दगड, आणि आत देवळाचे अवशेषही आहेत.

या किल्ल्याची खरी कहाणी मात्र लग्नाच्या बैठकीतली. १५२४च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. सोलापूर हुंड्यात द्यायचे ठरले होते, असे निजामशहाचे म्हणणे. लग्न लागले, वरात गेली, किल्ला काही मिळाला नाही. आपण असा शब्द दिलाच नव्हता, असे इस्माईलने सांगितले म्हणतात. मग वर्षभरातच जावई फौज घेऊन आला आणि हरून परतला. हुंड्याच्या बाकीपायी दोन्ही घराणी पुढे कित्येक वर्षे भांडत राहिली. अखेर विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने निजामशहाने सोलापूर घेतलेच.

आता पारडे फिरले. १५६४च्या आसपास नगरच्या चांदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी ठरले, आणि तोच किल्ला या वेळी नगरकडून विजापूरला हुंडा म्हणून गेला. रामरायाविरुद्ध सुलतानांची एकजूट करायची, तर सोयरीक हवीच होती. जानेवारी १५६५मध्ये तालिकोटला रामराया मारला गेला.

पुढे १६६८च्या तहात सोलापूर मोगलांकडे गेले, नंतर मराठ्यांकडे. मे १८१८मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोने आधी पेठ घेतली, मग किल्ला. पेशवा बाजीराव दुसरा तेव्हा अजून पळतीवर होता. जूनमध्ये त्याने माल्कमपुढे शरणागती पत्करली.

आज सोलापूरकर पाहुण्यांना हौसेने नळदुर्गचा पाणीमहाल दाखवायला नेतात. घरचा भुईकोट मात्र अनेकदा राहूनच जातो.