कुटुंबातील व्यक्तीच्या मृत्यूनंतर करावयाची कामे : दिल्ली व राजधानी परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

घरातील माणूस गेल्यावर कागदपत्रांकडे पाहण्याची मनःस्थिती नसते. मात्र काही कामांना ठरलेली मुदत असते आणि ती चुकली, तर हक्काची मदत अडकते. दिल्ली परिसरात आणखी एक अडचण येते. राहणे गाझियाबादला, उपचार दिल्लीच्या रुग्णालयात आणि बँक खाते गावी, अशी अनेक कुटुंबांची स्थिती असते. कोणते काम कोठे करायचे, यासाठी एवढे लक्षात ठेवा:

- मृत्यूचा दाखला : मृत्यू जेथे झाला तेथून
- सरकारी मदत व पेन्शन : कुटुंब जेथे राहते त्या राज्याकडून
- विम्याची रक्कम : ज्या खात्यातून हप्ता कापला गेला त्या बँकेमार्फत

१. मृत्यूची नोंदणी : २१ दिवसांच्या आत

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार २१ दिवसांच्या आत मृत्यू कळवायचा असतो. या मुदतीत नोंदणीसाठी शुल्क लागत नाही. तेराव्यापर्यंत थांबलात, तर हाती आठच दिवस उरतात. म्हणून हे काम नात्यातील एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे लगेच सोपवा.

- रुग्णालयात मृत्यू झाल्यास निबंधकाला कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. मृताचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि पत्ता आधार कार्डाप्रमाणेच लिहिला आहे ना, हे तेथेच पाहून घ्या.
- घरी मृत्यू झाल्यास कुटुंबाने कळवायचे असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र आणि स्मशानभूमीची पावती जपून ठेवा.
- अपघाती मृत्यू असल्यास एफआयआर, पंचनामा व शवविच्छेदन अहवालाच्या प्रती घ्या. अपघात विम्याच्या दाव्यासाठी त्या लागतात.

दिल्लीत ही नोंदणी त्या भागानुसार दिल्ली महानगरपालिका, नवी दिल्ली नगरपालिका परिषद किंवा दिल्ली छावणी मंडळाकडे होते. अंत्यसंस्कार गावी केले, तरी नोंदणी मृत्यू झाला तेथेच होते. गावची ग्रामपंचायत हा दाखला देऊ शकत नाही.

२१ दिवस उलटले, तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदणी होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आवश्यक असतो.

२. पासबुकात ४३६ आणि २० रुपयांची नोंद शोधा

विमा असूनही घरच्यांना माहीत नसतो, म्हणून दावाच केला जात नाही. मृत व्यक्तीची सर्व पासबुके भरून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी पाहा.

- ४३६ रुपये कापले असल्यास : प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. नवीन नोंदणीनंतरच्या पहिल्या ३० दिवसांत केवळ अपघाती मृत्यूचाच दावा मिळतो. वर्षाच्या मध्ये नाव नोंदवले असल्यास हप्त्याची रक्कम कमी असू शकते.
- २० रुपये कापले असल्यास : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये.

दोन्ही योजनांचे विमा वर्ष १ जून ते ३१ मे असते. दाव्याचा अर्ज त्याच बँकेत किंवा टपाल कार्यालयात द्या. जन धन खात्याच्या रुपे कार्डावरील अपघात विम्याचीही चौकशी करा.

अटल पेन्शन योजनेत ६० वर्षांनंतर सदस्याचा मृत्यू झाल्यास तेवढीच पेन्शन पती किंवा पत्नीला सुरू राहते.

३. नोकरी करणाऱ्याचा मृत्यू झाल्यास

पीएफ कापला जात असल्यास तीन वेगळे दावे करता येतात: जमा रकमेसाठी फॉर्म २०, कुटुंबाच्या पेन्शनसाठी फॉर्म १०-डी आणि विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ. विम्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. ईएसआयसीमध्ये विमा असलेल्या कामगाराच्या अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. बांधकाम कामगाराची नोंदणी असल्यास राज्याच्या कल्याण मंडळाकडेही अर्ज करा.

४. राज्याकडून मिळणारी मदत

- दिल्ली : गरीब कुटुंबातील कमावत्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर २०,००० रुपयांची एकरकमी मदत. पात्र विधवा महिलेस दरमहा २,५०० रुपये पेन्शन. त्यासाठी दिल्लीत ५ वर्षांचे वास्तव्य लागते.
- उत्तर प्रदेश (नोएडा, गाझियाबाद) : राष्ट्रीय कौटुंबिक लाभ योजनेत ३०,००० रुपये. अर्ज मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत करावा.
- हरियाणा (गुरुग्राम, फरीदाबाद) : वार्षिक उत्पन्न १.८० लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना ‘दयालु’ योजनेत वयानुसार १ ते ५ लाख रुपये. अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा. परिवार पहचान पत्र आवश्यक.

५. बँक खाते व इतर नोंदी

- मृत व्यक्तीच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका. मृत्यूचा दाखला देऊन बँकेत रीतसर दावा करा. कागदपत्रे पूर्ण असल्यास बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.
- वृद्धापकाळ किंवा अन्य पेन्शन सुरू असल्यास त्या विभागाला कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत घेतली जाते.
- रेशन कार्डावरील नाव कमी करून घ्या. कार्ड रद्द करण्याची गरज नसते. उर्वरित सदस्यांचे धान्य सुरू राहते.
- महाराष्ट्रात शेतजमीन असल्यास तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत कळवा. दिल्लीचा मृत्यू दाखला तेथे चालतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नॉमिनी म्हणून सुनेचे किंवा मोठ्या मुलाचेच नाव आहे. बाकीच्यांचा हक्क जातो का?*
नाही. बँक खात्याची रक्कम नॉमिनीच्या हाती दिली जाते, पण ती कायदेशीर वारसांच्या वतीने. वारसांचा हिस्सा कायम राहतो.

*नॉमिनीच नसेल तर?*
वारसांना दावा करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे आणि बँक सांगेल ती हमीपत्रे द्यावी लागतात.

*दाखल्यात नाव चुकले आहे.*
ज्या निबंधकाने नोंद केली, त्याच्याकडेच पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज द्या. विमा किंवा पेन्शनचा अर्ज करण्याआधी ही दुरुस्ती करून घेणे सोयीचे ठरते.

*अर्ज नाकारला किंवा घरात वाद झाला तर?*
नकाराचे कारण लेखी मागा. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन करा. महिलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.