कंबरदुखीवर हाताने उपचार : फायदा किती, धोका कुठे?

बऱ्हाणपूर : केळीचा घड खांद्यावर घेऊन शेतातून गाडीपर्यंत नेणारा मजूर असो, की पाळीभर यंत्रमागासमोर उभा राहणारा कारागीर, कंबरदुखी दोघांच्याही ओळखीची. दुखणं वाढलं की रोजी बुडते. मग कुणी मालिशवाल्याकडे जातो, कुणी हाड बसवणाऱ्याकडे, तर कुणी पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घेतो. डॉक्टरने फिजिओथेरपी सांगितली की प्रश्न पडतो, तिथेही हातानेच दाबणार, मग फरक काय?

जुनी कंबरदुखी कशाला म्हणायचं?

बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनी कंबरदुखी. बहुतेकांमध्ये फ्रॅक्चर, गाठ किंवा जंतुसंसर्ग असं एकच ठोस कारण सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती.

हाताने नेमकं काय करतात?

या उपचाराला मॅन्युअल थेरपी म्हणतात. त्याचे मुख्य तीन प्रकार. पहिला, आखडलेले स्नायू मोकळे करणारं मर्दन. दुसरा मोबिलायझेशन, म्हणजे सांध्याला हळूहळू, तालात हलवणं. तिसरा मॅनिप्युलेशन, म्हणजे सांध्याला दिलेला छोटा, वेगवान झटका. झटक्याच्या वेळी येणारा ‘कट’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याशी संबंधित असतो. सरकलेला मणका जागेवर बसला, असा त्याचा अर्थ नाही. आराम मिळतो तो मुख्यतः स्नायूंचा ताण उतरल्याने आणि मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश काही काळ मंदावल्याने.

मर्दन आपल्याकडे नवीन नाही. आयुर्वेदात कटिशूलासाठी स्नेहन-स्वेदन आणि कटिबस्ती सांगितली जाते, तर युनानीत मालिशला ‘दलक’ म्हणतात. बऱ्हाणपुरात या दोन्ही पद्धती शिकवणारी महाविद्यालयं आहेत.

गुण किती येतो?

२०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात ९,२११ रुग्ण होते. जुन्या कंबरदुखीत मणक्याच्या मॅनिप्युलेशन-मोबिलायझेशनचा गुण व्यायामासारख्या मान्य उपचारांइतकाच येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे उपचार खोटा नाही, पण जादूही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यायाम, मालिश आणि मणक्यावरचे हाताचे उपचार त्यात सुचवले आहेत. रोजच्या उपचारात कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन नको, असंही सांगितलं आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्येच सांगितलं होतं, की हाताचा उपचार व्यायामाला जोडूनच द्यावा, एकटा नको.

हाताने दुखणं उतरतं तेव्हा शरीर हालचालीला तयार होतं. तेवढ्या वेळात व्यायाम सुरू केला तर फायदा टिकण्याची शक्यता वाढते. नुसतं दर आठवड्याला दाबून घेतलं, तर पैसे जातात आणि दुखणं परत येतं. चार-सहा वेळा जाऊनही काहीच फरक नसेल, तर उपचार बदलण्याविषयी विचारावं.

घरी आणि कामावर

रोज चालणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं हे सोपे व्यायाम आहेत. ते एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, कारण प्रत्येकाला सगळेच चालत नाहीत. खाटेवर पडून राहू नये, झेपेल तेवढं काम सुरू ठेवावं. घड उचलताना गुडघ्यात वाकावं, ओझं अंगाजवळ धरावं, जड असेल तर दोघांनी धरावं. मागावर उभं असताना अधूनमधून दोन-चार पावलं चालावं.

आधी डॉक्टर, मग मालिश

पुढचं काही दिसलं तर कुणालाही कंबर दाबू देऊ नका :

• लघवी अडकणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, किंवा दोन मांड्यांमधली जागा बधिर होणं. यात तासातासाला महत्त्व असतं, तडक मोठ्या रुग्णालयात जा.
• पायातली ताकद कमी होत जाणं.
• बारीक ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अशाच रूपात येतो.
• पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतरचं दुखणं, ठिसूळ हाडं, किंवा बरेच दिवस घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या.

रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील किंवा गरोदरपण असेल, तर ते आधीच सांगावं. हाताचा उपचार घ्यायचा तर शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडेच. आधी विचारपूस आणि तपासणी, मग हात, आणि शेवटी व्यायाम शिकवणं, हा क्रम जो पाळतो त्याच्याकडे जावं. आल्या आल्या झटका देणाऱ्याकडून उठून यावं.